मत्स्यशेती आणि आपलं सातवं व्रत



"आपण मासे खातच नाही, मग मत्स्यपालनाचा विचार आपण कशाला करायचा?" असं तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील. माझ्या जाऊबाईही हेच म्हणाल्या. पण गेल्या चातुर्मासाच्या आधी हा प्रश्न आमच्या घरात कागदपत्रांसकट आला आणि माझ्या सहीसाठी अडून बसला. तेव्हा विचार करणं भाग पडलं.

आमचं दुकान मंचरला आणि थोडी शेती बाहेर, वाट्यानं दिलेली. टोमॅटोसाठी तिथं शेततळं केलंय. काळा कागद अंथरलेलं, पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात ठिबकनं पुरवायचं. माझा पुतण्या शेतीचं शिकलेला. त्याचं म्हणणं असं, की आठ महिने पाणी नुसतं साठून राहतं, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले तर दुसरं उत्पन्न होईल. केंद्र सरकारनं २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदान मिळतं. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, पण महिलांच्या नावावर अर्ज असेल तर ६० टक्के.

"काकी, फक्त सही तुमची लागेल. मासळीला आपल्या घरातला कुणी हातही लावणार नाही, सगळं चालवायला माणूस तयार आहे," तो म्हणाला. आणि वर एक व्हिडिओ दाखवला. "बघा, नॉर्वेसारखा देश सॅमनच्या शेतीवर किती पुढे गेला!"

त्याला "पाप आहे, गप्प बस" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण आजची मुलं कारण विचारतात, आणि कारण विचारणं आपल्या धर्माला कधी वर्ज्य नव्हतं. म्हणून मी त्याला सांगितलं, मला महिनाभर दे. त्या महिन्यात दुपारच्या सामायिकानंतर जे वाचलं, लोकांना विचारलं, ते इथं लिहिते आहे. फायदेही लिहिते आणि तोटेही. एकच बाजू मांडली तर आपली मुलं दुसरी बाजू मोबाइलवर शोधतातच.

नॉर्वेचा सॅमन

आधी एक खुलासा. मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणतात तो रावस, तो वेगळा मासा. खरा सॅमन थंड पाण्यातला. जन्म नदीत, वाढ समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परत येतो. आपल्या शेततळ्यातल्या कोमट पाण्यात तो जगायचाच नाही. त्याची शेती नॉर्वेत १९७० च्या सुमारास समुद्रातल्या तरंगत्या जाळ्यांमध्ये सुरू झाली. आज जगातला निम्म्याहून जास्त पाळलेला सॅमन एकटा नॉर्वे पिकवतो, वर्षाला सुमारे १५ लाख टन. चिली, स्कॉटलंड आणि कॅनडातही ही शेती होते.

फायदे खरे आहेत, ते नाकारू नयेत. समुद्रकाठच्या ओसाड होत चाललेल्या गावांना काम मिळालं. मासा थंड रक्ताचा आणि पाण्यात तरंगणारा, त्यामुळे अंग गरम ठेवायला किंवा उभं राहायला त्याला फारसं अन्न खर्च करावं लागत नाही. सव्वा किलोच्या आसपास खाद्यात एक किलो सॅमन वाढतो. गाईगुरांच्या मांसाला याच्या कितीतरी पट चारा-धान्य लागतं. जग मांसाहार सोडणारच नसेल, तर त्यातल्या त्यात धान्य आणि जमीन कमी लागणारा हा मार्ग आहे, असं त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. नॉर्वेचा प्राणीकल्याणाचा कायदा माशांनाही लागू आहे आणि प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मूल्य असतं, असं तो मानतो. कापण्याआधी माशाला बेशुद्ध करणं तिथं बंधनकारक आहे. आपल्याकडे जाळ्यातला मासा हवेत तडफडत मरतो आणि त्याचा विचारही कुणी करत नाही.

आता तोटे. सॅमन हा मुळात मासे खाणारा मासा. त्याला वाढवायचं तर समुद्रातले लहान मासे पकडून, वाळवून, दळून त्याचं खाद्य करावं लागतं. पूर्वी जवळजवळ सगळं खाद्य माशांचंच असे. आता त्यात सोयाबीनसारख्या वनस्पतींचं प्रमाण बरंच वाढलंय, तरी माशांची भुकटी आणि तेल सुटलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सेनेगल-गांबियाकडे, गरिबांच्या ताटातली स्वस्त मासळी भुकटीच्या कारखान्यांत जाते म्हणून तिथले कोळी तक्रार करतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारलीसुद्धा अशा कारखान्यांत जाते आणि कोळंबीच्या खाद्यात उतरते. म्हणजे ताटात मासा एकच दिसतो, पण त्याच्यामागे न दिसणारे किती जीव, याची मोजदाद नाही.

दुसरं म्हणजे गर्दी. एका जाळ्यात लाखो मासे. तिथं समुद्री उवा त्यांच्या अंगाला चिकटतात आणि कातडी खातात. त्यावर उपाय म्हणून उवा खाणारे दुसरे लहान मासे कोट्यवधींनी त्या जाळ्यांत सोडले गेले, आणि त्यातले बहुतेक तिथंच मेले. गरम पाण्यानं, घासणीनं सॅमनच्या उवा काढतात, त्यातही मासे मरतात. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्रातल्या जाळ्यांमध्ये ६ कोटींहून जास्त सॅमन कापायची वेळ येण्याआधीच मेले, म्हणजे साधारण सहातला एक. जाळी फाटून पळालेले पाळीव सॅमन जंगली सॅमनमध्ये मिसळतात आणि मूळ जात दुबळी होते. विष्ठा आणि उरलेलं खाद्य खाली समुद्रतळाशी साचतं.

या कारणांनी काही ठिकाणी लोकांनी 'नको' म्हटलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१७ साली एक मोठं जाळं कोसळून लाखो मासे सुटले, आणि पुढच्या वर्षी परक्या जातींची जाळ्यांतली शेती बंद करण्याचा कायदा झाला. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला तिएरा देल फुएगो प्रांतानं २०२१ मध्ये सॅमनशेतीवर बंदी आणली. कॅनडानं ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरची उघड्या जाळ्यांची शेती २०२९ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. हे लोक काही आपल्यासारखे शाकाहारी नाहीत. खाणाऱ्यांनाच ही पद्धत जड वाटली.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काकी, पण रोहू-कटला मासे खात नाहीत. पाण्यातलं शेवाळ, किडूकमिडूक, भाताचा कोंडा आणि पेंड यांवर वाढतात." हे त्याचं बरोबर होतं. सॅमनचा दोष रोहूच्या माथी मारता येत नाही. मात्र आपल्या पुणे जिल्ह्यातही मांसभक्षक माशाचं उदाहरण आहे. परदेशी मांगूरवर २००० सालापासून बंदी असूनही उजनीच्या बाजूला तो चोरून पाळला जातो. त्याला कत्तलखान्याची घाण खाऊ घालतात आणि मत्स्य विभागाला तळीच्या तळी नष्ट करावी लागतात. नफा दिसला की रोहूवरून मांगूरवर जायला माणसाला वेळ लागत नाही.

डिंभ्याचं पाणी

पण खरा विचार करायला लावला तो नॉर्वेनं नाही, आपल्या डिंभ्यानं.

घोड नदीवरचं डिंभे धरण तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. विदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. या धरणाच्या पाण्यावर आंबेगाव-शिरूरची शेतं हिरवी झाली, डाव्या कालव्यानं पाणी येडगावपर्यंत जातं. मंचरची बाजारपेठ वाढली, त्यात आपली दुकानंही वाढली. आणि त्याच पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं, ज्याच्या नावानं तालुका ओळखला जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावातल्या आपल्या जैन मंदिराचं दगडी बांधकाम उघडं पडतं, ते काहीजणींनी पाहिलंही असेल.

आपल्या माणसांना दुकान हलवता आलं. डोंगरातल्या महादेव कोळ्यांना जमीन हलवता येईना. नावात 'कोळी' असलं तरी हे समुद्रावरचे मच्छीमार नव्हेत. भात, नाचणी, वरई पिकवणारे, हिरडा गोळा करणारे डोंगरातले शेतकरी. त्यांची खाचरं बुडाली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर ते पुन्हा पेरायला लागले, आणि पाणी भरलं की त्याच पाण्यात मासेमारी शिकले. 'शाश्वत' संस्थेच्या मदतीनं धरणग्रस्त आदिवासींनी मच्छीमारांची स्वतःची सहकारी सोसायटी उभी केली, म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली राबण्याऐवजी मासळीवर हक्क त्यांचा राहिला. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं त्यांना पिंजऱ्यात मासे वाढवायला शिकवलं. अगदी बारीक मत्स्यबीज थेट धरणात सोडलं तर मोठे मासे ते खाऊन टाकतात. म्हणून जाळीच्या तरंगत्या पिंजऱ्यात बोटाएवढं होईपर्यंत वाढवायचं आणि मग सोडायचं. त्याला ते बोटुकली म्हणतात. या सगळ्या कामासाठी 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

पिंजरा इथंही आहे आणि नॉर्वेतही. पण नॉर्वेत तो मोठमोठ्या कंपन्यांचा, इथं तो जमीन गेलेल्या माणसांचा.

आमच्या दुकानात तिकडची एक बाई हिरडा घेऊन येते आणि मीठ-तेल घेऊन जाते. तिला मी सहज विचारलं, मासेमारी कशी चाललीय. ती म्हणाली, "जिमीन पान्यात गेली, भाभी. मंग प्वाट बी पान्यातच हुडकायचं, नाय का?"

मला उत्तर सुचलं नाही. तिनं त्या दिवशी तेलाचे पैसे दिले, ते मासळीचेच असणार. ते आमच्या गल्ल्यात पडले. त्याच धरणाचं पाणी आमच्या टोमॅटोला जातं. मग 'आपला काही संबंध नाही' असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तिला 'हे पाप सोड' असं सांगण्याआधी तिच्या बुडालेल्या खाचराचं काय, हे मला सांगता आलं पाहिजे.

व्याख्यानात ऐकलेली हरिबल मच्छीची कथा मला त्या रात्री आठवली. मुनींनी त्या कोळ्याला धंदा सोड म्हणून फटकारलं नाही. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा, एवढाच नियम दिला. त्याच एका नियमावर त्याचं कल्याण झालं. आपल्या आचार्यांनी ही कथा तिरस्कारासाठी नाही सांगितली. माणूस जिथं उभा आहे तिथून त्याला एक पायरी वर घ्यायची, यासाठी सांगितली.

आपला हिशेब

मग तिला जे चालतं ते मला का चालू नये? पुतण्यानं हाच प्रश्न विचारला, आणि तो योग्यच होता.

माझं उत्तर असं. तिच्यापुढं दुसरी वाट नव्हती. आमच्यापुढं आहे. दुकान आहे, शेती आहे, वरकड उत्पन्नासाठी आम्ही हे करणार होतो. श्रावकाच्या बारा व्रतांमधलं सातवं, भोगोपभोग परिमाण व्रत, केवळ किती साड्या आणि किती पदार्थ याची मर्यादा घालत नाही. त्यातच पंधरा कर्मादानं येतात, म्हणजे श्रावकानं न करायचे धंदे. त्यातलं एक आहे सर-द्रह-तडाग-शोषण. तळी, डोह आटवण्याचा व्यवसाय. शेततळ्यातली मासळी काढायची तर शेवटी पाणी उपसावंच लागतं. मासे टोपल्यांत जातात आणि उरलेले असंख्य जीव चिखलात सुकतात. ज्या घरात पाणी गाळून जिवाणी पुन्हा पाण्यात पोचवायची शिकवण दिली जाते, त्या घरानं तळं उपसून पैसा करायचा?

आणि सहीचं म्हणाल, तर करणं, करवणं आणि अनुमोदन या तिन्हींचा हिशेब आपल्याकडे धरतात. हात न लावता, माणूस नेमून, अनुदानाच्या कागदावर 'लाभार्थी' म्हणून माझं नाव लागणं, हे करवणंच झालं. मासा हा तिर्यंच पंचेंद्रिय जीव आहे. चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावताना रोज प्रतिक्रमणात आपण त्यांचीही क्षमा मागतो. संध्याकाळी क्षमा मागायची आणि सकाळी त्यांचं वजन करून दर विचारायचा, हे मला जमणार नव्हतं.

शिवाय ते अनुदान स्त्रियांसाठी जास्त ठेवलंय ते स्त्रियांनी पायावर उभं राहावं म्हणून. माझ्या नावाआडून दुसऱ्यानंच धंदा करायचा, हेही मनाला पटलं नाही. त्याची गरज डिंभ्याच्या काठावरच्या बायांना जास्त आहे.

मी सही केली नाही. पुतण्या आठवडाभर गप्प गप्प होता. दरवर्षी हाती येऊ शकणारी रक्कम हातातून गेली, आणि आमच्या घरात ती काही लहान नव्हे. त्याच्या लग्नाचं पुढं आहे, त्याला स्वतःचं काही उभं करायचंय. हे दुःख मी हलकं मानत नाही. त्यानं आता टोमॅटोच्या रोपांची नर्सरी करायचं मनावर घेतलंय. चालेल की नाही, बघू.

शेततळ्यापुरत्या दोन गोष्टी मात्र आम्ही दोघांनी मिळून केल्या, त्या तुम्हालाही करता येतील. कागद निसरडा असल्यानं तळ्यात पडलेलं कुत्रं, मांजर, ससा, कोल्हा वर चढू शकत नाही. जुन्नर-आंबेगावात तर बिबट्याही फिरतो. म्हणून चारी बाजूंनी काथ्याचे जाड दोर गाठी मारून काठापासून तळापर्यंत सोडलेत, जीव त्याला धरून बाहेर येतो. आणि उन्हाळ्यात तळं पूर्ण कोरडं करायचं नाही, तळाशी हातभर पाणी ठेवायचं, असं वाटेकऱ्याला सांगितलंय. टोमॅटोचं एखादं पाणी कमी पडेल, पडू दे.

गोळीतला मासा

शेवटी स्वयंपाकघरापाशी येते, कारण सॅमन आपल्या घरात तिथून शिरतो. सांधेदुखीसाठी, हृदयासाठी डॉक्टर 'ओमेगा-३'च्या कॅप्सूल सुचवतात. त्यातल्या पुष्कळशा माशांच्या तेलाच्या असतात. कधी सॅमनच्या, जास्त करून लहान समुद्री माशांच्या. वरचं आवरणही बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्याचं. सासूबाईंसाठी आलेल्या डबीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. घेताना चष्मा लावून वाचा. शाकाहाराची हिरवी खूण बघा, आणि डॉक्टरांना आधीच सांगा, "आम्ही जैन आहोत, पर्याय द्या." डॉक्टर देतात.

पर्यायात समुद्री शेवाळाचं तेल येतं. गंमत अशी की माशांच्या अंगातलं ते ओमेगा-३ मुळात अशा सूक्ष्म शेवाळातूनच येतं, मासा ते स्वतः फारसं बनवत नाही. पण शेवाळ म्हणजे आपल्याकडे साधारण वनस्पतिकाय, अनंत जीवांचं एक शरीर. आजारपणात काय घ्यावं, हे महासतीजींना विचारून आपापल्या नियमाप्रमाणे ठरवा. सासूबाईंनी जवस निवडला. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातला थोडाच भाग माशाच्या तेलासारख्या रूपात बदलू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यासाठी कुणाचा जीव नको."

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, तीळ थोडे, सुकी लाल मिरची, जिरं, मीठ आणि चिमूटभर आमचूर. लसूण अर्थातच नाही. भरड कुटायची. अख्खा जवस नीट पचत नाही, म्हणून कुटणं महत्त्वाचं. आठवड्यापुरतीच करा, फार दिवस ठेवली की खवट होते. भाकरीवर तेल किंवा तुपाबरोबर रोज चमचाभर.

हिरडा घेऊन येणाऱ्या त्या बाईचा मालही आम्ही आता बाजारभावापेक्षा थोडा वर घेतो. घरी त्रिफळ्यासाठी लागतोच, उरलेला दुकानात जातो. गेल्या खेपेला तिनं सोबत तांदळाची पिशवीही आणली होती, गाळपेरीचा भात, घरी सडलेला. पुढच्या खेपेला जास्त आण म्हटलं. तुमच्यापैकी घोडेगाव, जुन्नर, नारायणगावला दुकान असलेल्या बहिणींनी असा तांदूळ ठेवून पाहावा. दाणा जाडसर आहे, पण मऊ शिजतो आणि खिचडीला छान लागतो.

जय जिनेंद्र.